ठेंगूची एकशे चाळीस पावलं

मैदानात ठोकलेली लाल खुंटी पाहिली आणि ठेंगूआजीचं डोकं फिरलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचं डोकं फिरलं की घरातली माणसं तिला खुर्ची देतात, पाणी देतात आणि विषय बदलतात. मैदानात खुर्ची नव्हती, म्हणून नातसुनेने पाण्याची बाटली पुढे केली आणि जाता जाता भाजी घ्यायची का, असं विचारलं. आजीने बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खुंटीला चिकटून उभी होती आणि लांबच्या धुराड्याकडे बघत होती.

"हे इथे नव्हतं," ती म्हणाली. "इथून धुराडं केवढंसं दिसतंय बघ. आम्ही खड्डे खणताना पाठ सरळ केली की त्याचं टोक बघायला मान मागे टाकावी लागायची. आणि ही जागा कसली आहे ते ठाऊक आहे का यांना? इस्पितळाचा चुन्याचा खड्डा होता इथे. रक्ताचे बोळे, कुजलेली बँडेजं आणि डॉक्टरांनी कापलेलं काय काय, सगळं इथे आणून ओतायचो आणि वरून चुना मारायचो. त्यावर हे लोक त्या पोरांचा दगड उभा करणार?"

नातसून शिवणकाम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून तिचे कान तयार झाले होते, आणि कुठली तक्रार नुसती कुरकुर आहे आणि कुठली खरी, हे तिला सुरावरून कळायचं. हा सूर खरा होता. तिने भाजीचं नाव टाकलं.

बासष्ट वर्षांपूर्वी, युद्धाच्या धामधुमीत, या मैदानाच्या जागी वीटभट्टीचं आवार होतं. फौजेने भट्टीच्या पडव्यांमध्ये तात्पुरतं इस्पितळ थाटलं. तिथून जे बरे होऊन गेले ते गेले. जे गेले नाहीत त्यांना पुरायला धुराड्यापासून नदीच्या बाजूची जमीन धरली. खणायला पुरुष उरलाच नव्हता, सगळे आघाडीवर. मग भट्टीवर विटा थापणाऱ्या अकरा बायकांनी फावडी उचलली. त्यांची म्होरकी होती ठेंगू. वय वीस, उंची सगळ्यांत कमी आणि आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून म्होरकी. सात महिन्यांत त्यांनी नऊ-नऊच्या सात रांगा भरल्या. त्रेसष्ट पोरं. प्रत्येकाच्या उशाला लाकडी फळी, फळीवर डांबराने नाव, आणि नाव कळलं नसेल तिथे नुसता आकडा.

युद्ध संपलं, फौज आली, आणि सगळ्यांना उचलून मोठ्या शहराच्या कायमच्या दफनभूमीत घेऊन गेली. तिथे त्यांना संगमरवर मिळाला, हिरवळ मिळाली, माळी मिळाला. इथल्या फळ्या उपटल्या गेल्या, भट्टी बंद पडली, पडव्या पडल्या, जमीन सपाट झाली आणि पोरं तिथे फुटबॉल खेळू लागली. धुराडं तेवढं पाडायचं राहून गेलं. त्या अकरा जणींमधल्या दहा जणीही एकेक करून गेल्या. आता इतक्या वर्षांनी नगरपालिकेला जाग आली होती. काळ्या दगडाचं स्मारक होणार होतं, आठवड्याने अनावरण होतं, कर्नलसाहेब येणार होते आणि निमंत्रणं छापून झाली होती.

नगरपालिकेचा इंजिनियर तरुण होता, पण आगाऊ नव्हता. त्याने आजीला बसायला आपली गादीवाली खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला आणि फायलींचा ढीग बाजूला सारून टेबलावर एक नकाशा पसरला. फौजेच्या दप्तरातून मागवलेल्या मूळ कागदाची ती प्रत होती. धुराडं, नदीकडे दाखवणारा बाण, आणि बाणावर कारकुनी अक्षरात लिहिलेलं: पहिली रांग, एकशे चाळीस पावलं. फौजेत पाऊल ठरलेल्या मापाचं असतं, त्याने समजावलं. त्या मापाने एकशे चाळीसला गुणलं की उत्तर तयार. त्याने दोनदा गुणून पाहिलं होतं.

आजीने नकाशा बघितला आणि ती हसायलाच लागली. इतकी हसली की दारातला शिपाई डोकावून गेला.

हा कागद ज्याने लिहिला त्या कारकुनाचा डावा पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होता, तिने सांगितलं. तो कुठला पावलं टाकतोय? तो धुराड्याच्या सावलीत स्टुलावर बसून राहिला आणि तिला म्हणाला, तू चाल, मोठ्याने मोज, मी लिहितो. ती चालली. तिने मोजलं. त्याने लिहिलं. पावलं फौजेची नव्हतीच, ठेंगूची होती.

इंजिनियरने तिच्याकडे नीट पाहिलं. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. क्षणभर त्याला पटल्यासारखंही झालं. पण कागदावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि कागदावर नाही ते नगरपालिकेत नसतंच. शिवाय उद्या नाही तर परवा पाया भरायचा होता. म्हणून त्याने जरा चाचरतच विचारलं, की नाही तरी आता तिथे कुणीच पुरलेलं नाही, मग वीस-पंचवीस मीटर इकडे काय आणि तिकडे काय?

आजीचं हसू थांबलं.

"साहेब, तुमच्या घरी कुणी सात महिने राहून गेलं," ती म्हणाली, "तर ते गेल्यावर तुम्ही असं म्हणाल का, की ते शेजारच्या घरी राहिले होते? आम्ही स्वतःच्या हातांनी त्यांना मातीत ठेवलंय. त्यांच्या आया इथवर पोचल्या नाहीत, म्हणून आम्ही अकरा जणी त्यांच्या उशाशी बसलोय. ते जिथे निजले ती जागा ती. चुन्याचा खड्डा तो चुन्याचा खड्डा."

दारात आता शिपायाच्या जोडीला दोन कारकूनही उभे होते. इंजिनियरने नकाशाची घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवटी तो म्हणाला की उद्या पाणीपुरवठ्याची टोळी मैदानाच्या कडेला नळाचं काम करणार आहे, त्यांना एक खड्डा खणायला सांगतो. एकच. नवं गवत लावलेलं मैदान आहे, त्याची चाळण करता येणार नाही. पण खड्ड्यात दिसणार काय? माती ती मातीच.

माती नाही, विटा दिसतील, आजी म्हणाली. पोरांना उचलून नेल्यावर रिकामे खड्डे भरायला माती पुरली नव्हती, नदीचं पाणी चढून सगळी धुऊन गेली होती. मग भट्टीवरच्या फुटक्या विटांनी त्यांनी ते त्रेसष्ट खड्डे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी धुराड्याला पाठ लावून उभी राहिली. टोळीचा मुकादम, त्याचे चार गडी, इंजिनियर, नातसून आणि फुकटची करमणूक म्हणून जमलेली पंधरा-वीस माणसं. आजी निघाली. एक, दोन, तीन. आवाज अजून खणखणीत होता. नातसुनेने हात धरायला पाहिलं तर तिने तो झटकला. एकशे चाळीसला ती थांबली, टाच मातीत रुतवली आणि म्हणाली, इथे.

गड्यांनी गवताचे चौकोन अलगद सोडवून बाजूला ठेवले आणि खणलं. गुडघाभर गेले, मांडीभर गेले. कमरेइतके गेले. पिवळी माती, आणखी पिवळी माती, एक गंजलेला डबा, आणि पुन्हा पिवळी माती. विटेची कपचीसुद्धा नाही.

लोक पांगले. जाता जाता कुणीतरी बोललं, की वयच झालंय, काय करणार. हे टोमण्याने बोललं असतं तर आजीने परतफेड केली असती, पण ते कळवळ्याने बोललं होतं, आणि कळवळ्याला काय उत्तर द्यायचं? इंजिनियरही काही लागेल असं बोलला नाही. खड्डा बुजवायला सांगून तो लाल खुंटीकडे गेला आणि पाया उद्या दुपारनंतर भरू, असं ठेकेदाराला फोनवर म्हणाला.

आजी घरी आली आणि गप्प बसली. ती गप्प बसली की घरात सगळ्यांचे धाबे दणाणायचे. जेवली नाही. खिडकीशी बसून राहिली. खरं सांगायचं तर तिला रडू आलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचीच शंका येऊ लागली होती. बासष्ट वर्षं आपण मनात जी जागा जपली, ती अशी कुठे नव्हतीच की काय?

नातसुनेच्या कामाच्या खोलीत कापडाचे तागे, इस्त्रीची वाफ आणि यंत्राचा घरघराट. अनावरणासाठी आजीला नवा पोशाख शिवायला घेतला होता. आता आजी तिथे येते की नाही कोण जाणे, पण हातातलं काम अर्धं सोडायची नातसुनेला सवय नव्हती. तिने आजीला उभं केलं, दंडाला टेप लावला आणि टाचण्या तोंडात धरूनच पुटपुटली, "आजी, तुम्ही आणखी आक्रसलात. दोन वर्षांपूर्वीच्या मापाने शिवलं असतं तर बाही बोटांवर आली असती. उंचीत तर चार बोटं गेली तुमची."

आजीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"पोरी," ती म्हणाली, "माझ्यासारखी मूर्ख बाई तू जन्मात पाहिली नसशील."

त्या इंजिनियरने काय चूक केली? दुसऱ्याचं पाऊल धरून मोजलं. आणि तिने काय केलं? तेच की. वीस वर्षांच्या ठेंगूची पावलं ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या पायाने मोजली. तो पुढे गेला आणि ती अलीकडेच राहिली. आता ती पुन्हा हसत होती, पण डोळे पुसत पुसत.

पण वीस वर्षांची ठेंगू आणायची कुठून? नातसुनेने विचारलं की तिच्याच उंचीची एखादी मुलगी चालवून पाहायची का. आजीने मान हलवली. बाहेरच्या मुलीचं पाऊल चालणार नाही. भट्टीवरच्या मुलींचं पाऊल त्यांच्या पायाचं नसायचंच, विटांचं असायचं. ओल्या विटा साच्यातून काढून आवारात वाळत घालायच्या, सगळ्यांची लांबी चालायच्या दिशेला, ओळीमागून ओळ, आणि दोन ओळींत चार बोटांची फट. डोक्यावर ओझं घेऊन त्या ओळींवरून चालायचं. पाय पडायचा तो फटीतच, एक सोडून एक. चुकला तर ओल्या विटेवर पावलाचा ठसा, आणि दिवसभर सगळ्या भट्टीत त्याची टिंगल. सातव्या-आठव्या वर्षापासून मुलींचा पाय असा बसायचा, की मग त्या रस्त्याने चालल्या तरी तेच अंतर, लग्नात मिरवल्या तरी तेच. उंच असो की ठेंगणी, भट्टीवरल्या सगळ्या बायकांचं पाऊल एक होतं. दोन विटा आणि दोन फटी.

नातसुनेने शिवण गुंडाळली, टेप गळ्यात टाकला आणि सायकल काढली. धुराडं त्याच भट्टीच्या विटांचं होतं. तिने पाच विटांची लांबी मोजली, पाचही सारख्या. घरी येऊन ती हिशोब मांडणार, तोच आजीने तिचा कागद हिसकावला.

"ही भाजलेली वीट," ती म्हणाली. "आम्ही चालायचो कच्च्या विटांवरून. कच्ची वीट बोटभर मोठी असते. भट्टीत गेली की आक्रसते."

"म्हणजे धुतल्यावर कापड आटतं तसं."

"तसंच. तू आटायच्या आधीचं माप धर."

एका विटेला एक बोट. एका पावलाला दोन बोटं. एकशे चाळीस पावलांना दोनशे ऐंशी बोटं, म्हणजे चांगले चार-पाच मीटर. तेवढ्यावर पुन्हा फसगत झाली असती. नातसुनेने ते सगळं धरलं आणि बरोबर एका पावलाच्या लांबीची लाकडी पट्टी सुताराकडून कापून आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणीपुरवठ्याची टोळी झाडाखाली डबे उघडून बसली होती. आजी मुकादमासमोर जाऊन उभी राहिली आणि काय झालं ते तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, आपल्या मूर्खपणासकट. आज दुपारनंतर पाया भरणार होते, साहेबाने तर एकच खड्डा दिला होता. मुकादम पूर्वी गवंडी होता. आदल्या दिवशी खणताना या म्हातारीने एका गड्याला फावडं कसं धरावं ते सुनावलं होतं, आणि तिचं बरोबर होतं, हे त्याने पाहिलं होतं. त्याने डब्याचं झाकण लावलं.

"जेवणाच्या सुट्टीत आम्ही काय करायचं ते साहेब ठरवत नाही," तो म्हणाला. "गवत अलगद काढू, अलगद ठेवू. चला."

नातसून वाकून पट्टी उलटीपालटी टाकत निघाली आणि आजी तिच्या मागून मोजत. आदल्या दिवशीचा बुजवलेला खड्डा आला, मागे पडला. समोर लाल खुंटी दिसत होती. खुंटीपासून बऱ्याच अलीकडे, दोघांच्या भांडणाच्या जवळजवळ मधोमध, एकशे चाळीस झाले. आजीने मान वर केली. धुराड्याचं टोक बघायला तिला मान मागे टाकावी लागली. तिने पायाने जागा दाखवली.

फावडं हातभर गेलं आणि खण्णकन वाजलं.

गडी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती सारू लागले. लाल वीट दिसली, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. कडा सापडली. कडेने कडेने जात चौकट पूर्ण झाली, एक माणूस नीट निजेल एवढी. मुकादमाने विटांवरून पंजा फिरवला. सगळ्या फुटक्या होत्या, पण तुकड्याला तुकडा जुळवून, सांध्यावर सांधा येऊ न देता, पातळी धरून बसवल्या होत्या.

"हे ओतलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "हे कुणीतरी रचलंय."

"आम्ही रचलंय," आजी म्हणाली. "त्या पोरांच्या जागेत कचऱ्यासारखं ओतायचं होय?"

इंजिनियर पळतच आला. कुणी कळवलं कोण जाणे, बहुधा शिपायाने. येताना तो रागावलेला होता, हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. खड्ड्याच्या काठाशी आला आणि त्याचा राग जागच्या जागी जिरला. तोवर दोन हातांवर दुसरी चौकट उघडी पडली होती, आणि तिसरीची कडा. त्याने तिन्हींच्या मधलं अंतर डोळ्यांनीच मापलं. नकाशातल्या रांगेत तेवढंच होतं. मग तो वळला, लाल खुंटीपाशी गेला, दोन्ही हातांनी ती हलवून हलवून उपटली आणि काखेत मारून परत आला. आजीसमोर त्याने ती धरली आणि कुठे ठोकू, असं विचारलं.

"ठोकू नको," आजी म्हणाली. साहेबाचा आता अरे-तुरे झाला होता. "आधी सगळे मोकळे कर. मग बघू दगड कुठे मावतो."

पुढचे पाच दिवस गावाला दुसरं काम नव्हतं. नगराध्यक्षांनी आधी मैदानाच्या गवतावरून आकांडतांडव केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच बाह्या सरसावून बुरूस घेऊन बसले. ज्यांनी कळवळ्याने मान हलवली होती ते पाट्या भरभरून माती वाहत होते. आजी खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि तिचा आवाज नदीपर्यंत जात होता. चौकटीत कुणी पाय ठेवला की त्याची धडगत नव्हती. सात रांगा उघड्या झाल्या. हिरव्या गवतात लाल विटांच्या चौकटी, ओळीने, शिस्तीत. इंजिनियरने ठरवलं की त्या तशाच उघड्या ठेवायच्या आणि काळा दगड पहिल्या रांगेच्या डोक्याशी उभा करायचा. त्यासाठी त्याने वरच्या साहेबांशी जे भांडण केलं ते त्याच्या नोकरीतलं पहिलंच.

अनावरणाच्या सकाळी सगळं गाव लोटलं. वाद्यवृंद होता, फौजेची तुकडी होती, दगडावर पडदा होता. कर्नलसाहेब उंचेपुरे, छातीवर पदकं. इंजिनियरने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तसे ते नव्या पोशाखातल्या आजीसमोर आले, त्यांनी तिला कडक सलाम ठोकला आणि पडदा तुम्हीच ओढा, अशी विनंती केली. टाळ्या पडल्या. आजी जागची हलली नाही.

आधी मला एकदा बघू द्या, ती म्हणाली.

आणि ती पहिल्या रांगेच्या पहिल्या चौकटीपाशी गेली. थांबली, वाकून पाहिलं, एक म्हणाली आणि पुढे झाली. दोन. तीन. वाद्यवृंदवाल्यांनी वाद्यं खाली घेतली. कर्नल क्षणभर तिथेच उभे राहिले, मग तिच्या मागून निघाले. त्यांची ढांग मोठी, दोन पावलांत तिच्या पुढे गेले असते, म्हणून त्यांनी पाऊल आखडलं, अगदी तिच्याएवढं. त्यांच्या मागे तुकडी निघाली, तिनेही पाऊल आखडलं. मग नगराध्यक्ष, इंजिनियर, मुकादम आणि त्याचे गडी, नातसून, सगळं गाव. ऊन चढत होतं. सात रांगांमधून नागमोडी वळत ती सगळी माणसं म्हातारीच्या बेताने चालत होती, ती थांबली की थांबत होती, आणि तिच्या आवाजाखेरीज कसलाही आवाज नव्हता. प्रत्येक चौकटीशी ती जेवढा वेळ घ्यायचा तेवढा घेत होती. कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

शेवटच्या रांगेच्या शेवटच्या चौकटीशी ती उभी राहिली, तिने पाठ सरळ केली आणि मागे वळून कर्नलकडे पाहिलं. बासष्ट वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी याच रांगांमधून ती धुराड्याशी बसलेल्या त्या कारकुनाला पुरलेल्यांचा आकडा ओरडून सांगायची. तोच आवाज लागला, आवारभर ऐकू जाईल असा.

"त्रेसष्ट. सगळे आहेत. ओढा आता पडदा."